पॉवर सप्लायची पारख

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव. याच तालुक्यात फताटेवाडीजवळ एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच उभे आहेत. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटावे की, ज्यांच्या शेजारी १३२० मेगावॅटचे विजेचे कोठार, त्यांच्या घरात विजेला काय तोटा! परंतु वीज ही शेजारच्या गोठ्यातील दुधासारखी थेट घरी येत नाही. ती आधी अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांवरून देशाच्या जाळ्यात जाते, तेथून उपकेंद्रांच्या पायऱ्या उतरत गावच्या डीपीपर्यंत पोहोचते आणि मग घरात शिरते. घरातील प्लगवर किती व्होल्ट मिळणार, हे वीजकेंद्राच्या जवळिकीवर ठरत नाही. डीपीपासून घर किती दूर आहे, मधली तार किती जाड आहे आणि त्या घटकेला त्याच तारेवर किती पंप, गिरण्या व कूलर चालू आहेत, यांवर ते ठरते.

आपल्याकडील घरगुती विजेचे व्होल्टेज २३० आणि वारंवारता ५० हर्ट्झ. ग्राहकाच्या जोडणीपाशी या व्होल्टेजमध्ये सहा टक्क्यांहून अधिक चढउतार होऊ नये, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घालून दिले होते. म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट. ही मर्यादा वाहिनीच्या टोकावरील घरापर्यंत, विशेषतः शेतवस्तीपर्यंत, पोहोचतेच असे नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पंखा रेंगाळू लागला आणि पिवळा बल्ब तांबूस दिसू लागला की, ते समजायला मीटर लागत नाही. मध्यरात्री भार उतरला की तेच व्होल्टेज चढते. घरातील ध्वनिसंचासाठी पॉवर सप्लाय निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते, आणि नेमकी हीच गोष्ट विक्रेत्याच्या पत्रकात सहसा नसते.

अशा टोकावरच्या एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. फडताळात जुन्या कॅसेटींचा डबा आहे. एका कॅसेटमध्ये आजोबांनी पहाटे म्हटलेले पाठ आहेत, दुसरीत कुणाच्या लग्नात आजीने म्हटलेली गाणी. ती अर्धी मराठी, अर्धी कानडी; सीमेवरच्या या तालुक्यात दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात. कॅसेटमधील पट्टी जुनी झाली आहे, ती आणखी किती वेळा वाजेल याचा भरवसा नाही. पुण्याहून आलेला पुतण्या म्हणतो, "अण्णा, हे सगळे संगणकात उतरवून घेऊ या. पण त्याआधी चांगला लिनिअर पॉवर सप्लाय घ्यायला हवा." अण्णा विचारतात, "चांगला म्हणजे कसा? तो ओळखायचा कशावरून?" पुतण्या किंमत सांगतो.

अण्णांचा प्रश्न रास्त आहे आणि किंमत हे त्याचे उत्तर नव्हे. येथे पणाला लागलेली गोष्ट मात्र लहान नाही. रोज ऐकण्याच्या संचातून थोडी गुणगुण येत असेल तर ती आज ना उद्या दुरुस्त करता येते. कॅसेट उतरवून घेताना जी गुणगुण आजीच्या आवाजात मिसळेल, ती पुढच्या पिढ्या आजीच्या आवाजाबरोबरच ऐकतील. कॅसेट प्लेअरच्या हेडमधून निघणारा संकेत एक मिलिव्होल्टहूनही कमी असतो. तो शेकडो पटींनी वाढवावा लागतो आणि त्याच्या सोबतीला जे काही आले असेल तेही तितकेच वाढते.

लिनिअर पॉवर सप्लायची रचना जुनी आणि सरळ आहे. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट खाली आणतो. रेक्टिफायरचे चार डायोड उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला एकाच दिशेने वळवतात. मोठा कंडेन्सर टाकीप्रमाणे भरतो आणि दोन भरण्यांच्या मधल्या काळात साठ्यातून पुरवठा करतो. शेवटी रेग्युलेटर जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने टाकून देऊन नेमके हवे तेवढे पुढे पाठवतो. याउलट मोबाइलच्या चार्जरसारखे जे हलके ॲडाप्टर आज घरोघरी दिसतात, ते एसएमपीएस जातीचे. ते विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून काढतात. त्यामुळे ते हलके असतात, कमी तापतात, आणि त्यांतील बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. हा शेवटचा आकडा मंद्रूपच्या अण्णांनी विसरू नये. संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आले तरी असा ॲडाप्टर बाहेर १२ व्होल्ट देत राहतो. लिनिअरच्या बाबतीत असे गृहीत धरता येत नाही.

ध्वनिप्रेमी मंडळींत लिनिअर हा शब्द जणू सोवळ्यातला आणि एसएमपीएस ओवळ्यातला, अशी एक समजूत आहे. तिला थोडा आधार आहे, पूर्ण नाही. एसएमपीएसच्या तुकडे करण्याच्या क्रियेतून उच्च वारंवारतेचा कचरा निघतो. तो आवरण्यासाठी आत जो छोटा कंडेन्सर विजेच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूला जोडलेला असतो, त्यातून किंचित प्रवाह झिरपतो. दोन पिनांच्या ॲडाप्टरवर चालणाऱ्या यंत्राच्या धातूच्या पेटीला हात लावला असता कधी मुंग्या आल्यासारखे वाटते ते यामुळेच. दोन-तीन यंत्रे तारांनी एकमेकांना जोडली की हा झिरपलेला प्रवाह आवाजाच्या तारेतून वाट काढतो आणि घरघर ऐकू येते. अशा ठिकाणी चांगल्या लिनिअर सप्लायने खरोखर फरक पडतो. जेथे घरघर मुळातच नव्हती तेथे काही हजार रुपये घालून काय मिळाले, हा प्रश्न उरतोच. आणि परदेशी नावाच्या पेट्यांची किंमत तर हजारांवर थांबतही नाही.

आता मुख्य मुद्दा. लिनिअर सप्लायचे सारे गुण एका अटीवर उभे असतात. रेग्युलेटरला आपले काम करण्यासाठी आउटपुटपेक्षा थोडे अधिक व्होल्टेज सतत मिळाले पाहिजे. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या ७८१२ या रेग्युलेटरला एक अँपिअर भारावर सुमारे दोन व्होल्टची ही वरकड लागते. म्हणजे १२ व्होल्ट बाहेर हवे असतील तर आत कोणत्याही क्षणी १४ च्या खाली जाऊन चालत नाही. यातील 'कोणत्याही क्षणी' हे शब्द महत्त्वाचे. कंडेन्सरवरचे व्होल्टेज स्थिर नसते. सेकंदाला शंभर वेळा ते भरते आणि शंभर वेळा उतरते. ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल आणि एक अँपिअर प्रवाह काढला जात असेल, तर ही चढउतार सुमारे २.१ व्होल्टची होते. रेग्युलेटर पाहतो तो या लहरीचा तळ.

समजा सप्लायमध्ये १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे. २३० व्होल्टवर त्याच्या लहरीचे शिखर २१.२ व्होल्टचे. त्यातून डायोडमध्ये जाणारे सुमारे १.८ वजा केले की १९.४, त्यातून चढउतारीचे २.१ वजा केले की तळ १७.३. हवे होते १४, मिळाले १७.३, दुकानात हा सप्लाय उत्तम चालतो. आता तोच सप्लाय मंद्रूपच्या वस्तीवर संध्याकाळी सात वाजता लावला आणि तेथे प्लगवर १९० व्होल्ट असतील, तर सारे गणित त्या प्रमाणात खाली येते. शिखर १७.५, डायोडनंतर १५.७, तळ १३.६. रेग्युलेटरची अट मोडली. लहरीचा तळ जेव्हा जेव्हा १४ च्या खाली जाईल तेव्हा तेव्हा रेग्युलेटर हात टेकील आणि सेकंदाला शंभर वेळा येणारा तो खळगा जसाच्या तसा आउटपुटवर उमटेल. ज्या गुणगुणीपासून सुटका मिळावी म्हणून ही पेटी घेतली, तीच गुणगुण पेटी स्वतः निर्माण करू लागेल; आणि शेजारी टाकून दिलेला स्वस्त ॲडाप्टर मात्र त्या वेळी निमूटपणे १२ व्होल्ट देऊ शकला असता. या सप्लायची तग धरण्याची मर्यादा सुमारे १९५ व्होल्ट आहे. हा आकडा कोणी पेटीवर छापत नाही.

कंडेन्सर ४७०० च्या जागी १०,००० मायक्रोफॅरडचा घातला तर चढउतार एक व्होल्टवर येते आणि मर्यादा १९५ वरून १८२ पर्यंत उतरते. ट्रान्सफॉर्मर १५ ऐवजी १८ व्होल्टचा घेतला तर मूळच्या कंडेन्सरवरही ती १६२ पर्यंत जाते. मग सरळ १८ चाच का घेऊ नये? कारण जास्तीचे व्होल्टेज कोठेतरी जाळावे लागते. १५ च्या ट्रान्सफॉर्मरवर, प्लगवर २३० व्होल्ट असताना, रेग्युलेटर एका अँपिअरला सुमारे साडेसहा वॉट उष्णता टाकतो. १८ च्या ट्रान्सफॉर्मरवर साडेदहा वॉट. मध्यरात्री व्होल्टेज २५० झाले की आणखी वाढते. यंत्राला पोहोचतात १२ वॉट आणि जवळजवळ तेवढेच पेटीत जळतात. संध्याकाळच्या मंद विजेची सोय करावी तर मध्यरात्रीच्या चढ्या विजेची झळ सोसावी लागते. चांगला बनवणारा या दोहोंमधला तोल कसा साधतो, त्यासाठी हीटसिंक किती मोठा देतो आणि पेटीला हवा खेळण्यासाठी वाट ठेवतो की नाही, यात त्याचे कौशल्य दिसते. समोरचे जाड चकचकीत ॲल्युमिनियमचे पॅनेल त्या कौशल्याचा पुरावा नव्हे. वजनाला भुलणाऱ्यांसाठी मात्र ते पुरेसे असते.

उष्णतेचा विषय सोलापूर जिल्ह्यात अधिकच महत्त्वाचा. मे महिन्यात बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीतही तेच. पेटीच्या आत आणखी वीस-पंचवीस अंश चढले तर कंडेन्सर ६५ अंशांवर काम करतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर ८५ किंवा १०५ अंश असा आकडा छापलेला असतो. तो पाहून 'आपल्याकडे इतके कुठे तापते' असे म्हणून पुढे जाऊ नये. त्या तापमानावर त्याचे आयुष्य पुष्कळदा फक्त दोन हजार तास धरलेले असते आणि ढोबळ नियम असा की, तापमान दहा अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते. ६५ अंशांवर ८५ चा कंडेन्सर आठ हजार तास टिकेल, १०५ चा बत्तीस हजार. रोज तीन तास संच वाजवला तर पहिल्याची सात वर्षे, दुसऱ्याची एकोणतीस. दोहोंच्या किमतीतला फरक पेटीच्या एकूण किमतीत कोठे दिसतही नाही. पेटी उघडून दाखवायला विक्रेता तयार असेल, तर आधी हा छापलेला आकडा वाचावा आणि कंडेन्सर हीटसिंकला चिकटून बसवला आहे की दूर, ते पाहावे.

ट्रान्सफॉर्मरविषयी दोन गोष्टी पुरेत. पहिली त्याच्या क्षमतेची. कंडेन्सर भरताना प्रवाह छोट्या पण जोरकस झटक्यांनी घेतला जातो; म्हणून बाहेर एक अँपिअर हवा तर ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे १.८ अँपिअर जातो असे धरून चालावे. १५ व्होल्टला ते २७ व्हीए होतात. ३० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर जेमतेम पुरेल, ५० चा सुखाने चालेल. दुसरी गोष्ट त्याच्या आकाराची. ई आणि आय अक्षरांसारख्या पत्र्यांचा चौकोनी ट्रान्सफॉर्मर आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र सांडतो. कड्याच्या आकाराचा टोरॉइडल बराच कमी. कॅसेटचे हेड हे मुळात चुंबकीय क्षेत्र टिपण्यासाठीच केलेले असते, त्यामुळे शेजारी ठेवलेल्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ते इमानाने टिपते. अशा वेळी महागड्या टोरॉइडलचा शोध घेण्याआधी पेटी हातभर दूर सरकवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण भारनियमनाने महाराष्ट्रातील घराघरांत तो आणून ठेवला आणि त्याच्यावर लिनिअर सप्लाय कसा वागतो याचा विचार कोणी केला नाही. घरात येणाऱ्या २३० व्होल्ट विजेच्या लहरीचे शिखर प्रत्यक्षात ३२५ व्होल्टचे असते आणि कंडेन्सर भरतो तो या शिखरावर. साध्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते. तिला शिखर असे वेगळे नसते. मीटरवर तेच २३० दिसतात, पण १५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून २१ ऐवजी १५ च निघतात. डायोडनंतर उरतात १३.२. रेग्युलेटरला लागणारे १४ तेथे नाहीतच. शिवाय चौकोनी लहरीवर ट्रान्सफॉर्मर स्वतःही कुरकुरतो. वीज गेल्यावरही संच वाजवायचा असेल तर शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर हवा, नाहीतर त्या वेळेपुरता एसएमपीएस ॲडाप्टर बरा.

हे सारे प्रत्यक्ष पारखायचे कसे? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गावातले दोन कारागीर पुरतात. दुचाकीच्या गॅरेजमधून इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा दिवा घ्यावा. तो सुमारे ०.८ अँपिअर प्रवाह घेतो. सप्लायच्या आउटपुटवर आधी काही न जोडता मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे, मग दिवा जोडून पुन्हा मोजावे. रेग्युलेटर असलेल्या सप्लायमध्ये हा फरक व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी राहायला हवा. जुन्या धाटणीच्या बिनरेग्युलेटरच्या ॲडाप्टरवर १२ छापलेले असते आणि भाराविना तो सोळा-सतरा व्होल्ट देतो. नाजूक यंत्राला हे मारक ठरू शकते. प्लग एकसारखा दिसतो म्हणून कोणताही ॲडाप्टर कोणत्याही यंत्राला लावण्याची सवय याचसाठी घातक. प्लगच्या आतल्या टोकावर धन आहे की ऋण, तेही यंत्रावरील चिन्हाशी ताडून पाहावे.

मग दिवा तसाच पेटता ठेवून मल्टिमीटर एसीवर घ्यावा आणि आउटपुटवरचे तरंग मोजावेत. येथे एक अडचण येते. सर्वांत स्वस्त मल्टिमीटरवर एसीच्या २०० आणि ७५० व्होल्ट अशा दोनच पायऱ्या असतात. त्यांवर मिलिव्होल्ट दिसणार नाहीत आणि शून्य पाहून फुकटचे समाधान होईल. दोन व्होल्ट किंवा त्याखालची एसी पायरी असलेला मीटर हवा. चांगल्या ७८१२ ची तरंग रोखण्याची शक्ती सुमारे ७० डेसिबेल, म्हणजे आतले दोन व्होल्टचे तरंग बाहेर तीन हजारांहून अधिक पटींनी लहान होऊन एका मिलिव्होल्टच्याही आत यावेत. एलएम ३१७ या रेग्युलेटरला एक छोटा कंडेन्सर योग्य जागी जोडला तर ही शक्ती ८० डेसिबेलपर्यंत जाते. मीटरवर दहा-वीस मिलिव्होल्ट दिसले तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

आता दुसरा कारागीर: मोटार रिवाइंडिंगवाला किंवा जाणता इलेक्ट्रिशियन, ज्याच्याकडे डिमरस्टॅट आहे. डिमरस्टॅट हाताळणे हे त्याचेच काम, कारण त्याचे आउटपुट विजेपासून तोडलेले नसते. सप्लाय डिमरस्टॅटवर लावून, दिवा जोडून, आत जाणारे व्होल्टेज २३० पासून पाच-पाचने उतरवत जावे आणि नजर तरंगांच्या आकड्यावर ठेवावी. बराच वेळ तो हलणार नाही. मग एका ठिकाणी एकाएकी उसळेल. अर्ध्या मिलिव्होल्टचे पन्नास होतील, शंभर होतील. ज्या व्होल्टेजला हे घडते ते कागदावर लिहून ठेवावे. दुसरीकडे घरातल्या प्लगवरचे व्होल्टेज आठवडाभर सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री टिपावे. सप्लायचा आकडा घरच्या नीचांकाच्या दहा-पंधरा व्होल्ट खाली असेल तर तो सप्लाय त्या घरासाठी चांगला. पुण्याच्या सदनिकेत जो उत्तम ठरला तो मंद्रूपच्या वस्तीवर नापास होऊ शकतो, आणि यात कोणीच खोटे बोललेले नसते.

शेवटी तासभर दिवा पेटता ठेवून पेटीला बाहेरून हात लावावा. तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर मे महिन्यात ती पेटी टिकणार नाही.

जवळ मध्यम लहरीचा छोटा रेडिओ असेल तर आणखी एक चाचणी फुकटात होते. दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेवर काटा ठेवून रेडिओ ॲडाप्टरजवळ न्यावा. स्वस्त एसएमपीएस असेल तर रेडिओ करकर करू लागतो. चांगल्या गाळणीचा असेल तर बराच शांत राहतो. लिनिअरजवळ तो सहसा शांतच असतो. एखाद्या घरात सांगली केंद्र नीट लागेनासे होण्यामागे टीव्हीशेजारचा नवा ॲडाप्टर असू शकतो.

गुणगुण येतेच आहे, तर ती कोणत्या जातीची हे कानाने ओळखता येते. सप्लायमधून येणारे तरंग १०० हर्ट्झचे, कारण रेक्टिफायर लहरीचे दोन्ही अर्ध वापरतो. चुंबकीय क्षेत्रातून किंवा यंत्रांच्या आपसांतील अर्थच्या वेढ्यातून येणारी गुणगुण बहुधा ५० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. संगीताचा कान असलेल्या घरात हा फरक कोणीही सांगेल. गुणगुण खालच्या सप्तकातली असेल तर नवा सप्लाय घेऊन उपयोग होण्याचा संभव थोडा. सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून चालवून पाहावीत. मात्र गुणगुण थांबते म्हणून तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन कधीही काढू नये. धातूच्या पेटीतील लिनिअर सप्लायला अर्थिंग आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी फ्यूज, या दोन गोष्टी नसतील तर बाकीचे गुण पाहण्याचे कारणच उरत नाही.

कानावर किती विश्वास ठेवावा? पैसे मोजून आणलेली पेटी लावली की स्वर अधिक मोकळा वाटतो, हा अनुभव खोटा नसतो. पण तो पेटीचाच आहे असे म्हणता येत नाही. ध्वनियंत्रांतील साध्या ऑपॲम्पमध्येही सप्लायवरील खळबळ लाख पटींनी दाबण्याची क्षमता कमी वारंवारतेला असते, त्यामुळे मिलिव्होल्टचे तरंग पुष्कळदा कानापर्यंत पोहोचतच नाहीत. याची परीक्षा घरात घेता येते. एकाने पडद्याआड सप्लाय बदलावा किंवा बदलल्याचे नुसते नाटक करावे, प्रत्येक वेळी नाणे उडवून ते ठरवावे; दुसऱ्याने ऐकून सांगावे. आवाजाची पातळी तीच, गाणे तेच. दहा वेळांत नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर आली तर फरक ऐकू येतो असे मानायला हरकत नाही. निव्वळ अंदाजाने तसे होण्याची शक्यता १०२४ मध्ये ११ इतकीच. सहा बरोबर आली तर पेटी परत करावी. मुलांना सुट्टीत हा खेळ फार आवडतो आणि घरातील मोठ्यांची त्यात फजिती झाली तर अधिकच.

मग अण्णांनी कॅसेटींसाठी काय करावे? त्या उतरवणे हे एकदाच करायचे काम आहे आणि त्यासाठी नवी पेटी न घेताही उत्तम सोय होऊ शकते. खेड्यांत वीज पोहोचण्याआधी जे रेडिओ वाजत ते बॅटरीवर वाजत. बॅटरीत तरंग नसतात, ट्रान्सफॉर्मर नसतो, संध्याकाळचा भार नसतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची साधी बॅटरी अर्धा अँपिअर घेणाऱ्या यंत्राला दहा तासांहून अधिक काळ पुरते. पूर्ण भरलेली असताना ती सुमारे १२.७ व्होल्ट देते, तेवढे यंत्राला चालते का हे आधी त्याच्या पुस्तिकेत पाहावे. तारेत फ्यूज घालावा आणि उतरवण्याचे काम चालू असताना चार्जर काढून ठेवावा. लॅपटॉपही त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवावा, कारण घरघर पुष्कळदा त्याच्या चार्जरमधूनच येते. कॅसेट प्लेअर २३० व्होल्टवरच चालणारा असेल, तर पंप सुरू होण्याआधीची पहाटेची वेळ निवडावी आणि प्लगवर २२० च्या वर व्होल्टेज आहे याची खात्री करावी.

हेड स्पिरिटने पुसून घ्यावे. पहिली कॅसेट घालण्यापूर्वी प्लेअर रिकामाच चालू करून एक मिनिट ध्वनिमुद्रण करावे आणि हेडफोन लावून ते मोठ्या आवाजात ऐकावे. गुणगुण ऐकू आली तर प्लेअर थोडा फिरवून, तारा हलवून, पेटी दूर सरकवून पुन्हा एक मिनिट घ्यावे. नुसती बारीक सरसर उरली की आजीची कॅसेट आत घालावी.